बोयेनचं कुणीतरी आहे

आमच्या पेंघू बेटावर रस्त्यात पडलेलं लाल पाकीट कुणी उचलत नाही. दुसरं काही सापडलं तर लोक चौकीत नेऊन देतील किंवा गुपचूप खिशात घालतील, तो ज्याच्या त्याच्या घरच्या वळणाचा प्रश्न. पण लाल पाकीट दिसलं की शेंबडं पोरसुद्धा वळसा घालून जातं. त्यात लग्नाआधी वारलेल्या एखाद्या मुलीची केसांची बट असते, जन्मवेळ लिहिलेला कागद असतो, आणि जो पुरुष ते उचलील त्याच्या गळ्यात ती मुलगी पडते. मुलीच्या नावाची पाटी बापाच्या देव्हाऱ्यात लागत नाही, ती नवऱ्याच्याच घरी लागायची. नवराच नसेल तर ती मेल्यावरही बेघर राहते. म्हणून मुलीची आई एक दिवस पाकीट रस्त्यात टाकते आणि कुठेतरी आडोशाला उभी राहून वाट बघते.

हे सगळं ठाऊक असून बोयेननं पाकीट उचललं. उचललं म्हणजे झेललं. हिवाळ्यात आमच्याकडे वारा असा सुटतो की म्हातारी माणसं भिंतीला धरून चालतात. बंदराजवळच्या वळणावर पाकीट जमिनीवरून उडालं, आणि स्कूटर थांबवून उभ्या असलेल्या बोयेननं उडी मारून ते हवेतच पकडलं. शाळेच्या बेसबॉल संघात चार वर्षं तेच काम केलेलं. झेल उत्तम होता. लगेच होडीच्या शेडमागून रुओहानची आई आणि मामा धावत आले आणि मामा ओरडला, "जावईबापू! थांबा, जावईबापू!"

अठरा वर्षांचा जावईबापू. बारावीची परीक्षा तोंडावर.

रुओहान म्हणजे यान घराण्यातली मुलगी, बोयेनच्याच वर्गातली. मागच्या हिवाळ्यात बायकांबरोबर खडकांवरचं शेवाळ खरवडायला गेली होती. आम्ही ते वाळवून खातो, थंडीतच मिळतं, आणि खडकांवर समुद्राकडे पाठ करायची नाही हे प्रत्येक बाई पोरींना बजावते. रुओहाननं पाठ केली. एकच लाट आली. सहा बायकांनी डोळ्यांदेखत पाहिलं आणि कुणाला काही करता आलं नाही. आता वर्षभरानं ती आईच्या स्वप्नात येऊन ओल्या कपड्यांनी दारात उभी राहायला लागली. म्हणायची, "आई, मी कुठं राहू?"

बोयेनची आई नाश्त्याचं दुकान चालवते. तिला बातमी कळली तेव्हा ती तव्यावर अंड्याचं धिरडं उलटत होती. कालथा हातात घेऊनच ती बाहेर आली, तर दारात रुओहानची आई आणि मामा उभे. नाही म्हणायची सोय नव्हती. मेलेल्या मुलीला तोंडावर नकार देणारं घर सुखानं नांदत नाही, असं आम्ही मानतो, आणि मानत नाही असं म्हणणारेही रात्री दिवा लावून झोपतात. तेव्हा त्या बाईच्या तोंडून पहिल्या झटक्याला जे निघालं ते असं, "अहो, पण बोयेनचं कुणीतरी आहे! ठरल्यातच जमा आहे त्यांचं. ही काय, आमची शेजारची पेइचुन!"

पेइचुन त्या वेळी दुकानात सोयाचं दूध पीत बसली होती. सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. तिनं नाही म्हणायला हवं होतं. तिनं मान हलवली, ती होकाराची.

पेइचुनला रुओहानची आई लहानपणापासून ओळखत होती. रुओहानची जिवाभावाची मैत्रीण ती, त्यांच्या घरी हिचा स्वतःचा वाडगा वेगळा ठेवलेला असायचा. शेवटी मामाच म्हणाला, "मग रुओहानलाच विचारू. ती सोडते म्हणाली तर पोरगा सुटला."

पुलापलीकडच्या मठात अशा मुलींच्या पाट्या ठेवतात. तिथल्या वू आजोबांनी आठ दिवसांनंतरची तारीख दिली.

"आठच दिवस," बोयेन पेइचुनला म्हणाला. दोन्ही घरांच्या मधल्या भिंतीशी ते उभे होते. "गावाला खरं वाटलं पाहिजे, एवढंच. नंतर आपण भांडलो म्हणून सांगू. चालेल ना?"

"न चालायला काय झालं."

"तुला कुणी आवडत असेल, तर आधीच सांग. उगाच तुझं नुकसान नको."

"नाही रे. कुणी नाही."

तिसरीत असताना बोयेननं तिचा पतंग विजेच्या तारेवरून काढून दिला होता. तेव्हापासून तिला तोच आवडत होता, आणि त्याला त्याची गंधवार्ता नव्हती. पण त्या हिवाळ्यात तिच्या छातीवर जो दगड होता तो या प्रेमाचा नव्हता.

मागच्या वर्षी, सर्वांत लहान दिवसाच्या सणाला, दोघी मैत्रिणी रुओहानच्या घरी तांदळाच्या लाल-पांढऱ्या गोळ्या वळत बसल्या होत्या. रुओहान खाली मान घालून म्हणाली, "ए पेइचुन, तू त्याच्या शेजारी राहतेस ना? बोयेनला विचार ना, त्याचं कुणी आहे का. माझं नाव नको सांगू हं, जीव घेईन." पेइचुन घरी आली. भिंतीपलीकडे बोयेन चेंडू आपटत होता, त्याचा आवाज येत होता. तिनं विचारलं नाही. संध्याकाळी, गोळ्या शिजून वाढायच्या वेळी, परत जाऊन सांगितलं, "आहे गं त्याचं कुणीतरी. माकुंग शहरात आहे म्हणे एक मुलगी." रुओहान म्हणाली, "बरं." एवढंच. आणि पंधरा दिवसांनी ती लाट आली.

त्या दिवशी हवेतून निर्माण केलेली ती मुलगी आता वर्षभरानं पेइचुनच झाली होती. बोयेनचं कुणीतरी आहे. गावभर तेच वाक्य फिरत होतं, आणि प्रत्येक वेळी ऐकताना तिला वाटायचं, हे आपणच आधी बोललोय, आणि ज्या मुलीशी बोललो ती ऐकत उभी आहे.

पहिल्या दिवशी ते स्कूटरवरून पुलाकडे गेले. पेइचुननं त्याच्या कमरेला धरलं. नऊ वर्षं जे मनात ठेवलं ते असं भर दुपारी, लोकांना दाखवण्यासाठी हातात आलं. तिला सुख झालं, खोटं कशाला बोला. पुलाच्या चढावर स्कूटर घरघरली.

"आज जड का लागतेय गं?"

"मी जाडी झालेय असं सरळ म्हण ना."

"तसं नाही. तिघं बसल्यासारखं वाटतंय."

पेइचुन हसली. पण तिच्या पाठीला मघापासून गारवा लागत होता, आणि वारा तर समोरून येत होता. तिनं मागं वळून पाहिलं नाही. पूल संपेपर्यंत तिनं डोळे मिटून घेतले.

दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर दोन पेले मागितले, तर बाईनं तीन ठेवले. "तिघं ना तुम्ही?" बोयेन म्हणाला, "दोघं हो मावशी, नीट बघा." तिनं नीट बघितलं आणि तिसरा पेला मागं घेतला, पण का कोण जाणे, पैसे घ्यायला हात पुढं केला नाही. तिसऱ्या दिवसापासून पेइचुनच्या गळपट्ट्याला शेवाळाचा वास यायला लागला. तिनं तो धुतला, चुलीजवळ वाळवला. सकाळी पुन्हा ओला, पुन्हा तोच वास, खडकावर नुकत्याच खरवडलेल्या शेवाळाचा. आई म्हणाली, "हवाच खारी आहे, काहीच वाळत नाही." हवा खारी होतीच. तरी पेइचुननं तो गळपट्टा पुन्हा घातला नाही.

पाचव्या दिवशी बोयेनच्या आईनं दोघांना दुकानाच्या मागच्या खोलीत बसवून उजळणी घेतली. हे कामही तिनं नाश्त्याच्या ऑर्डरीसारखंच केलं, भराभर आणि कुणाचं ऐकून न घेता.

"पहिलं कोण बोललं?"

"मी," बोयेन म्हणाला.

"कुठं?"

"बंदरावर."

"आणि कधीपासून? हे महत्त्वाचं. आत्ताआत्ताचं सांगाल तर पाकीट मिळाल्यावर रचलंय म्हणतील. मागच्या सणापासून सांगा. गोळ्यांच्या सणापासून."

पेइचुननं तिला मधेच तोडलं. "मावशी, तो दिवस नको ना. दुसरा कुठलाही घ्या."

"का? तुला काय धाड भरली? चांगला लक्षात राहणारा दिवस आहे. माझं ऐक, एकदा यातून सुटू दे माझा पोरगा, तुला जन्मभर फुकट धिरडी."

बोयेन खाली बघत होता. त्या आठ दिवसांत तो फारसा बोलतच नव्हता. पेइचुनला वाटलं, घाबरलाय. बाहेर आल्यावर तिनं विचारलं, "तुला भीती वाटते का रे तिची?"

"तिची? नाही." त्यानं स्कूटरची किल्ली बोटाभोवती फिरवली. "तिला मी नकोसा होतो, म्हणून वाईट वाटतं. असल्या माणसाशी तिला बांधायचं म्हणजे काय न्याय झाला?"

"तुला कुणी सांगितलं नकोसा होतास?"

"सांगायला कशाला हवं. मागच्या सणानंतर तिनं माझ्याकडे बघायचंच सोडलं. वर्गात मी दारातून आत आलो की ती खिडकीकडे तोंड करायची."

पेइचुनला तिथल्या तिथे बोलता आलं असतं. तीनच दिवस उरलेत, तिनं मनाशी म्हटलं, एकदा हा सुटू दे, मग सगळं सांगेन. आणि त्याच्याही खाली, अगदी तळाशी, तिला हेही ठाऊक होतं की तो सुटला की ती सांगणार नाही. सुटलेला बोयेन शेजारीच राहणार होता, आणि लोकांना तर ते दोघं जोडपं वाटायला लागलेच होते.

ठरलेल्या दिवशी सकाळी मठात दहाजण जमले. भिंतीवर ओळीनं मुलींच्या पाट्या, काही इतक्या जुन्या की अक्षरं पुसलेली. रुओहानची पाटी नवी होती. समोर संत्री, तिच्या आवडीची शेंगदाण्याची चिक्की आणि गोळ्यांचा वाडगा ठेवलेला. वू आजोबांनी चंद्रकोरीच्या आकाराचे दोन लाल ठोकळे हातात घेतले. त्यांची एक बाजू सपाट, एक फुगीर. टाकल्यावर एक सपाट आणि एक फुगीर पडला की होकार, दोन्ही फुगीर पडले की नकार, दोन्ही सपाट पडले की विचारलेली व्यक्ती नुसती हसते आहे असं समजायचं. सलग तीन होकार लागतात.

"रुओहान बाळ," वू आजोबा म्हणाले, "या मुलाचं आधीच कुणीतरी आहे. ती मुलगी इथे आली आहे. तू त्याला सोडतेस का?"

ठोकळे फरशीवर वाजले. एक सपाट, एक फुगीर.

बोयेनच्या आईनं हात जोडले. पुन्हा टाकले. पुन्हा होकार. किती समंजस पोरगी, असं कुणीतरी मागून पुटपुटलं. पेइचुनला ते ऐकवेना. वर्षापूर्वीही ती अशीच "बरं" म्हणाली होती, आणि आताही, त्याच थापेला, तशीच बरं म्हणत होती.

तिसऱ्या वेळी वू आजोबांनी हात उचलला तेव्हा रुओहानची आई म्हणाली, "जरा थांबा." ती पेइचुनसमोर येऊन उभी राहिली. वर्षभरात बाई अर्धी झाली होती. "पोरी, एवढं सांग. कधीपासून आहे तुमचं?"

बोयेनच्या आईनं मागून कोपर मारलं. पेइचुन म्हणाली, "गोळ्यांच्या सणापासून."

"मागच्या?"

"हो."

रुओहानच्या आईनं पाटीसमोरच्या गोळ्यांच्या वाडग्याकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, "म्हणजे तिला कळलं होतं. त्या दिवशी स्वतःच्या हातानं वळलेल्या गोळ्या तिनं खाल्ल्या नाहीत. पंधरा दिवस धड जेवली नाही. मी विचारलं तर म्हणायची, काही नाही गं. आणि मला वाटलं अभ्यास नको म्हणून नाटकं करतेय. मीच म्हटलं, घरात तोंड पाडून बसण्यापेक्षा जा खडकावर बायकांबरोबर." तिनं पेइचुनचा हात हातात घेतला. "वर्षभर मी स्वतःला खात होते की पोरीला झालं होतं तरी काय. तुझा दोष नाही हं. मन कुणावर जडावं हे काय आपल्या हातात असतं? तुम्ही दोघं सुखी राहा. ती रागावायची नाही."

तो हात शेवाळ खरवडून खरखरीत झालेला होता, आणि ऊबदार होता. तिनं शिव्या दिल्या असत्या तर पेइचुन तिसरा होकारही पचवून घरी गेली असती. माफी तिला सोसली नाही.

"मावशी, खोटं आहे," ती म्हणाली.

"काय खोटं?"

"सगळं. आमचं काही नाही. आठ दिवसांपूर्वी दुकानात ठरलं. आणि त्या सणाच्या दिवशी रुओहाननं मला सांगितलं होतं, त्याला विचार त्याचं कुणी आहे का. मी विचारलंच नाही. मी तिला सांगितलं, आहे म्हणून. कुणीसुद्धा नव्हतं. मला तो हवा होता. मला एकटीला हवा होता, म्हणून मी थाप मारली."

"अगं कारटे, काय बरळतेस!" बोयेनची आई ओरडली. "दोन होकार पडलेत! एक राहिला होता, एक!"

रुओहानच्या आईनं हात सोडला. झटकला नाही, नुसता सोडला. तो हात पेइचुनला पुन्हा कधी मिळाला नाही.

बोयेन भिंतीशी उभा होता. तो पुढं आला ते पेइचुनकडे न बघता. त्यानं पाटीकडे बघून विचारलं, "तिनं माझ्याबद्दल विचारलं होतं?"

"हो."

"नक्की? माझ्याबद्दल?"

"हो रे. तुझ्याबद्दलच."

तो तिथेच फरशीवर बसला. मोठ्या हाडापेराचा मुलगा, आणि लहान पोरासारखा हुंदके द्यायला लागला. मग नाक पुसून रुओहानच्या आईला म्हणाला, "मावशी, तुम्ही पाकीट ठेवताना मी लांबून पाहिलं होतं. कुणाचं ते मला माहीत होतं. मी ते चुकून झेललं नाही. वारा ते समुद्राकडे घेऊन चालला होता. तिला परत पाण्यात कसं जाऊ देणार होतो?"

वाऱ्यानं मठाचं दार दोनदा आपटलं.

"मला ती आवडायची," बोयेन म्हणाला. "दोन वर्षं. सणानंतर विचारणार होतो. मग तिनं तोंडच फिरवलं. मला वाटलं, तिला मी नको. म्हणून आईनं नाटक काढलं तेव्हा गप्प बसलो, म्हटलं निदान आता तरी तिला त्रास नको."

वू आजोबा बोयेनच्या आईला समजावत म्हणाले की पुढे जिवंत मुलीशी लग्न करायला आडकाठी नसते, फक्त घरात थोरली सून रुओहानच राहील. ती बाई रडत म्हणाली, "करा मग. काय करायचं ते करा."

"आधीचे दोन होकार धरता येणार नाहीत," वू आजोबा म्हणाले. "प्रश्नच खोटा होता." त्यांनी ठोकळे बोयेनच्या हातात दिले. "तूच विचार."

बोयेननं विचारलं, पण इतक्या हळू की कुणाला शब्द कळले नाहीत. ठोकळे पडले. दोन्ही सपाट. ती हसत होती. रुओहानच्या आईच्या तोंडून आवाज फुटला, कारण पोरगी लाजली की आधी हसायची हे तिलाच ठाऊक. मग ठोकळे सलग तीनदा पडले, एक सपाट, एक फुगीर, तिन्ही वेळा.

त्यानंतर बाराव्या दिवशी लग्न झालं. नवरीची पाटी मठातून नवऱ्याच्या घरी न्यायची असते आणि वाटेत प्रत्येक वळणावर, प्रत्येक पुलावर तिला हाक मारून सांगायचं असतं, नाहीतर ती वाट चुकते आणि मधेच कुठेतरी राहून जाते. पाटी कुणी धरायची हे सांगायला रुओहानची आई स्वतः पेइचुनच्या दारात आली. आत आली नाही.

"तू धर. तिला त्याचं घर माहीत नाही. तुला माहीत आहे."

म्हणून पेइचुन गाडीत मागच्या सीटवर बसली, मांडीवर लाल कापडात गुंडाळलेली पाटी. तिच्या शेजारची जागा रिकामी होती, आणि थोड्या वेळानं ती ओली झाली. गाडीवाल्यानं आरशातून पाहिलं आणि पुन्हा मागं पाहिलं नाही. शेवाळाचा वास गाडीभर पसरला. पेइचुनला आता त्याची भीती वाटली नाही. तिला वाटलं, हिनं काहीतरी बोलावं, ओरडावं, निदान एक शिवी द्यावी. शेजारून काहीच आलं नाही. मैत्रिणीशी बोलण्यासारखं तिच्याकडे आता काही उरलं नसावं.

"रुओहान, पूल आला गं. घाबरू नको, खाली पाणी आहे, पण आपण वरून जातोय." गाडी पूल उतरली. "रुओहान, डावीकडे वळायचं. रुओहान, ही आपली शाळा. रुओहान, हे बंदर. इकडे बघू नको. आता जवळ आलं. ते निळं दार आहे ना, तेच."

निळ्या दारात बोयेन उभा होता, उसना काळा कोट घालून. बाह्या आखूड होत्या. पेइचुन उतरली आणि पाटी त्याच्या हातात दिली. त्याची बोटं तिच्या बोटांना लागली, तेही त्याच्या लक्षात आलं नाही.

"आली ना?" त्यानं विचारलं.

"आली."

तो तिच्या खांद्यावरून मागं, रिकाम्या गाडीच्या उघड्या दाराकडे बघत होता. आणि तो हसला. नऊ वर्षं शेजारी राहून, आठ दिवस त्याची म्हणून मिरवून, ते हसू पेइचुननं कधी पाहिलं नव्हतं. ते मिळावं म्हणूनच तर ती खोटं बोलली होती. ती बाजूला झाली आणि दोघांना आत जायला वाट दिली.